नकाराचं कारण

माझा भाऊ बदरुद्दीन लस न घेता खाडीतापातून बचावला, ही गोष्ट एव्हाना सगळ्या तालुक्याला पाठ झाली होती. पल्याडची माणसं होडीत बसायच्या आधी त्याचा हात हातात घ्यायची, कुणी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचं. ती गोष्ट खोटी होती. ते मला एकटीलाच माहीत होतं, आणि पंधरा दिवस मला घास गिळवत नव्हता की एका जागी बसवत नव्हतं.

मी रुकैया कापडी. कोंडबंदरच्या आरोग्य उपकेंद्रात एकोणीस वर्षं नर्स आहे. आमचं गाव कोकणी मुसलमानांचं, खाडीच्या अलीकडे. पलीकडे धारवली. मधल्या पाण्यावर बदरूभायची बॅटरीवरची होडी. शाळा, बाजार, बँक सगळं धारवलीत, त्यामुळे दिवसाला दोनशे माणसं तरी त्याच्या होडीत बसतात, खोकतात, शिंकतात, भांडतात. बदरूभायला लहानपणापासून दमा. खाडीतापाचा विषाणू वटवाघळांतून माणसात आला आणि सरळ फुप्फुसाला भिडला, तेव्हा मी पहिली काळजी केली ती नवऱ्याची नाही, पोरींची नाही, या माणसाची.

टोचायची लस बनत होती, पण एवढ्या सावकाश की आमच्या वाट्याला यायला दोन वर्षं लागली असती. म्हणून फिरती लस आली. डॉक्टर ओकांनी तालुक्यातल्या सगळ्या नर्सना बोलावून ती समजावली. त्यांनी गळ्यातल्या ओळखपत्राची नाडी काढली आणि तिला तीन सैल गाठी मारल्या. म्हणाले, ही लस म्हणजे मुळात विषाणूच आहे, पण त्याचे दात काढलेत. नाकात दोन थेंब टाकले की तो घशात मुक्काम करतो, पाच दिवस तिथं वाढतो आणि शरीराला खाडीतापाची ओळख पटवून देतो. इथवर नवं काहीच नव्हतं. नवं हे होतं की त्या पाच दिवसांत तो श्वासातून, थुंकीतून, एका ताटातल्या घासांतून जवळच्या माणसात जातो, आणि त्यालाही तीच ओळख पटवतो. थेंब एकाला, लस दहा जणांना.

"मग ही थांबायची कुठं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी एक गाठ सोडली. त्या विषाणूच्या आनुवंशिक धाग्यात तीन तुकडे मुद्दाम जोडले होते. नव्या माणसात वाढताना दर वेळी एक तुकडा गळतो. तिन्ही गळले की त्याला पुढं पसरताच येत नाही. तिसऱ्या माणसापाशी ती संपते, म्हणून गावोगाव पुन्हा पुन्हा नवे वाहक करायचे. वाहकाने पाच दिवस मनगटावर पट्टा बांधायचा. ज्याला लस नको त्याने पट्टा बघून लांब राहायचं. एवढाच काय तो कायदा.

या पट्ट्याचीही एक कथाच झाली. आधी तो हिरवा ठरला. त्यावर कुणाला तरी हिरव्यात आमचा धर्म दिसला. मग केशरी सुचवला, तर दुसरीकडून ओरड. चॅनेलवर आठवडाभर रंगाची चर्चा चालली, लसीचं नाव कुणी काढेना. शेवटी राखाडी पट्टा आला. राखाडी कुणाच्याच बापाचा नव्हता.

प्रशिक्षण संपल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. माणूस चांगला, पण शब्द तोलून बोलायला गेला की हमखास घसरतो.

"सिस्टर, तुमच्याकडे जरा... धर्माचा प्रश्न येईल ना?"

"सर, आमच्या गावातून दर वर्षी माणसं हजला जातात. लस टोचल्याशिवाय विमानात घेत नाहीत. दंड उघडा करून रांगेत उभी राहतात आणि टोचून झाली की एकमेकांना मुबारक देतात. प्रश्न येईल, पण तुम्हाला वाटतोय तो नाही."

तसंच झालं. जमातीची, म्हणजे आमच्या गावपंचायतीची, बैठक मशिदीच्या ओट्यावर भरली. मशिदीत शुक्रवारचं प्रवचन देणारे आमचे खतीब शम्सुद्दीन हुर्झुक. तरुणपणी जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा खात्री करून घेतात. लसीत डुकराचं काही आहे का? नाही, मी कागद दाखवला. नाकातल्या थेंबांनी रोजा मोडेल का? आमच्या शाफई पंथात मोडतो असंच धरतात. "मग इफ्तारीनंतर घ्या. त्यात एवढं काय?" खतीबसाहेब म्हणाले. दोन्ही प्रश्न दहा मिनिटांत मिटले. तिसरा त्यांनी स्वतःच काढला आणि त्यावर दोन तास गेले.

"ज्याला नको हाय, त्याच्या अंगात ती त्याला न सांगता गेली, तर?"

कुणी म्हणालं, भलंच होईल त्याचं. खतीबसाहेबांनी मान हलवली. "भलं-बुरं नंतर. अंग त्याचं हाय. अल्लाचा हक्क चुकला तर अल्ला माफ करील. मानसाचा हक्क मारला तर तो त्या मानसानंच माफ करायचा. मी नमाज पढून तुमच्यासाठी तां काम करू शकत नाय."

आमच्यात अजून एका थाळ्यात चार-पाच जण जेवतात. म्हणून ठरलं, वाहकाने थाळ्याशी बसायच्या आधी मोठ्याने सांगायचं, माझ्याकडे लस आहे. ज्याला नको तो वेगळं ताट घेईल. कुणी कुणाला बोल लावायचा नाही. पट्ट्यावर भागवणाऱ्या सरकारपेक्षा आमची जमात एक पाऊल पुढं गेली, याचा मला फार अभिमान वाटला. आणि हा ठराव मोडणारी पहिली बाई मीच.

गावात नकार देणारे सहा निघाले. पाच जणांना भीती किंवा आजार. सहावा बदरूभाय.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वीच्या साथीत तो पहाटेपासून लसीच्या रांगेत उभा होता, रांग लावायच्या कामावर मी त्याच्या मागेच होते. अकरा वाजता लस संपली. आमच्याच रांगेत संपली, कारण मागून कुणीतरी दोन पेट्या दुसरीकडे वळवल्या होत्या. बदरूभाय साहेबाशी भांडायला गेला. लस द्या म्हणून भांडला. त्या भांडणाचा फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला. दाढी, टोपी, वर केलेला हात, आणि खाली छापलेलं, 'लसीकरणाला तीव्र विरोध'. तेव्हा तो धारवलीच्या शाळेची मुलं ने-आण करायचा. ते काम गेलं. संपादकाला तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं.

"मी हो म्हनत व्हतो तवा तुमी नाय लिवलांत. आता नाय म्हनतो, तर लिवा काय तां."

टॅबवरच्या नकाराच्या फॉर्मवर कारणासाठी चार चौकोन असतात. भीती, आजार, धार्मिक, इतर. 'इतर'वर बोट ठेवलं की शंभर शब्दांचं टिपण लिहावं लागतं, मग मोठे डॉक्टर घरी येतात, मग समुपदेशक येतो, तीन-तीनदा येतो. 'धार्मिक'वर ठेवलं की विषय नाजूक म्हणून कुणीच येत नाही. बदरूभायच्या दारात पुन्हा साहेब आला असता तर त्याने त्याला खाडीत ढकललं असतं. मी 'धार्मिक'वर बोट ठेवलं. त्याला त्रास नको म्हणून ठेवलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाही शंभर शब्द लिहायचा कंटाळा आला होता.

मग धारवलीत पहिले तीन रुग्ण सापडले. तिघंही त्याच्या होडीतून येऊन गेलेले.

तेव्हा मी स्वतः वाहक होते. थेंब घेऊन तिसरा दिवस, म्हणजे पसरायचा जोर सगळ्यात जास्त. त्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर बदरूभायचा फोन आला. ताजा जिताडा मिळालाय, शमीमभाबीने कालवण केलंय, ये. साथ सुरू झाल्यापासून तो वाहकांच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता.

"तुझा पट्टा निघाला का?" त्याने विचारलं.

"काल निघाला," मी म्हटलं.

एवढं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. कुर्त्याची बाही बोटांपर्यंत ओढली आणि गेले. भाबीला लस आधीच मिळाली होती, ती वाढत राहिली. थाळ्याशी आम्ही दोघंच बसलो, लहानपणी बसायचो तसे. उजवा हात भातात, डावा हात ओढणीखाली, आणि ओढणीखाली तो राखाडी पट्टा. जमातीत ठरलेलं वाक्य तोंडात आलं होतं, ते मी घासाबरोबर गिळलं. बदरूभायने डोक्याकडचा मऊ तुकडा काढून माझ्या बाजूला सारला. मी त्यातला अर्धा मोडून बोटांनी परत त्याच्याकडे ढकलला. त्याने खाल्ला.

घरी येताना रस्त्यातच मला रडू फुटलं. पण आनंदही झाला होता, तो लपवून काय करू? माझा भाऊ आता मरणार नव्हता.

पुढच्या महिन्यात खाडीतापाने धारवलीत अकरा माणसं नेली. बदरूभाय खाडीकाठच्या वाड्यांतल्या रुग्णांना होडीत घालून सरकारी रुग्णवाहिकेपर्यंत पोचवत होता. दम्याचा माणूस, तोंडाला नुसता रुमाल. त्याला साधी सर्दीही झाली नाही. मग एक चॅनेलवाला होडीत बसला आणि दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांची फिल्म सगळ्यांच्या फोनवर आली. त्यात बदरूभाय सुकाणू धरून सांगतोय, मी काय घेतलां नाय, अल्लानं राखलां.

नंतर जे सुरू झालं ते बघून हसावं की कपाळ बडवावं कळेना. टीव्हीवर रात्रीच्या चर्चेत एकाने सरकारी तक्ता दाखवला. कोंडबंदर, नकाराचं कारण, धार्मिक. बघा, म्हणाला, हे लोक धर्मापुढे विज्ञान मानत नाहीत. तो तक्ता माझ्या एका बोटाने भरलेला होता. समोरचा मौलाना आमच्या गावचा नव्हता, आमच्या जिल्ह्याचाही नव्हता, पण त्याने इमानाच्या ताकदीवर भाषण ठोकलं. दोघांनाही बदरूभाय सोयीचा होता. आणि तालुक्याचे निसर्गोपचारवाले, ज्यांनी जन्मात आमच्या मोहल्ल्यात पाण्याचा पेला घेतला नव्हता, ते हार घेऊन जेट्टीवर आले. नैसर्गिक प्रतिकारशक्तीचं जिवंत उदाहरण म्हणाले. जेवणात काय असतं, एकाने वहीत लिहून घेतलं. बदरूभायने सांगितलं, बांगडा. तो शाकाहारी होता, त्याने वही मिटली.

बदरूभाय खूश होता. दहा वर्षांनी त्याचा फोटो परत छापून आला होता आणि या वेळी खाली चांगलं लिहिलं होतं. मी ते त्याच्याकडून कसं काढून घेणार होते?

मग धारवलीची सुलोचना गेली. ब्लाउज शिवायची, माझ्या दोन्ही पोरींचे कपडे तिने शिवलेत. तिचा नकाराचा फॉर्म माझ्याकडे आला, कारण मेलेल्यांचे फॉर्म शेजारच्या केंद्रातल्या नर्सने तपासून पुढे पाठवायचे असतात. तिच्या नर्सने प्रामाणिकपणे 'इतर'वर बोट ठेवून टिपण लिहिलं होतं. 'कोंडबंदरच्या होडीवाल्यांना लस न घेता काही झालं नाही, म्हणून मलाही नको.' मी ते टिपण तीनदा वाचलं.

मी खतीबसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चाचा, मी त्याचा जीव वाचवला की नाही?"

"वाचवलास."

"मग?"

"मग काय? बचावला त्याचं काय करायचं तां बदरू ठरवील. माफी माझ्याकडं नाय, रुकू. आन् ती सुलोचना... तिच्याकडून तर आता कोनी मागू पन शकत नाय." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आजून किती जन त्याच्याकडं बघून थांबलेत, तां मोज."

मोजायची गरज नव्हती. दर मंगळवारी थेंब देऊन नवे वाहक करायचे, त्या यादीतून धारवलीची नावं गळत होती. मला नोकरीची भीती होती, ती मी बाजूला ठेवली. खरी भीती वेगळीच होती. नर्स लपवून लस देते, हे एकदा बाहेर पडलं की लोक आमच्या हातचं पाणीही पिणार नाहीत. मी गप्प राहिले तर बदरूभायला बघून माणसं मरणार, बोलले तर मला बघून पळणार. दोन दिवस मी घरातून केंद्रात आणि केंद्रातून घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. शेवटी एवढंच सुचलं की खोट्याने जे झालं ते मला दिसलंय, खऱ्याने काय होतं ते निदान अजून बघायचंय.

सोमवारी सकाळी मी जेट्टीवर गेले. होडीत नऊ माणसं होती. बॅटरीच्या होडीला आवाज नसतो, या टोकाची कुजबुज त्या टोकाला ऐकू जाते. खाडीच्या मध्यावर धारवलीची वनिता मोरे बदरूभायला विचारत होती. तिच्या घरात सात माणसं, आणि मंगळवारच्या यादीत वाहक म्हणून तिचं नाव.

"भाऊ, नाव काढून टाकू का? तुमचं काय म्हणणं?"

"मी काय सांगू, बाय? माझ्याकडं बघ ना. काय झालां मना?"

"बदरूभाय, तुला लस मिळालेली आहे," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

"जिताड्याच्या दिवशी माझा पट्टा निघाला नव्हता. ओढणीखाली होता. तुझ्या थाळ्यात मी मुद्दाम जेवले. तू वाचलास तो त्या लसीने वाचलास. सुलोचना तुझ्याकडे बघून थांबली आणि मेली. ते तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे."

बदरूभायने मोटर बंद केली. होडी भरतीबरोबर हळूहळू सरकायला लागली. मला वाटलं, आता ओरडेल, मला पाण्यात टाकेल. मला ते चाललं असतं.

"आणखी एक आहे," मी म्हटलं. सगळं काढायचं तर सगळंच. "टीव्हीवर तो तक्ता दाखवतात. तुझ्या नकाराचं कारण धार्मिक म्हणून मी लिहिलंय. दुसरं लिहिलं असतं तर साहेब तुझ्या दारात आले असते, म्हणून."

आता त्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्या गोष्टीला त्याचा चेहरा पडला होता. या दुसऱ्या गोष्टीला तो लाल झाला.

"लस घातलीस, तां मी समजू शकतो. भन हायस, घाबरलीस. पन माझा राग तू दीनावर, आपल्या धरमावर टाकलास? त्या पेपरवाल्याला मी कोन व्हतो? त्याला ठावं नव्हतां. तुना ठावं व्हतां, रुकू. रांगेत माझ्या मागं तूच उभी व्हतीस."

"माफ कर," मी म्हटलं.

"आज नको मागू. आज मी हो म्हनेन, आन् तां खरां नसंल."

त्याने मोटर सुरू केली. दोघा-तिघांनी फोन काढले होते, ते त्यांनी खाली केले नाहीत. संध्याकाळपर्यंत हे सगळ्या तालुक्याला कळणार होतं, आणि डॉक्टर ओकांना द्यायचं कबुलीचं पत्र माझ्या पिशवीत तयार होतं.

होडी लागली. बदरूभाय उभा राहिला आणि उतरणाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ती सांगते तां खरां हाय. मना लस हाय. माझ्याकडं बघून कोनी थांबू नका." हार घालून घेतलेल्या माणसाला तो हार स्वतःच्या हाताने काढायला किती जड जात असेल, ते मला कळलं.

माणसं माझ्याकडे न बघता उतरली. वनिता मोरे मात्र फळीवर पाय ठेवून थांबली.

"उद्या ते थेंब... विचारून देतील ना?"

"विचारतील," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हणालात तर कुणी हात लावणार नाही."

माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? तिने माझ्यावरून नजर काढली आणि बदरूभायकडे बघितलं. तो होडीचा दोर खुंट्याला गुंडाळत होता. त्याने गाठ मारली, ओढून बघितली, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच तिला म्हणाला,

"विचारतील. नाय विचारलां, तर मना येऊन सांग."